मेटल मिनीवरचा लाल विटकरी कामून दिसायलाय? रंगीत मेटॅलिकचा नेहमीचा घोळ

हा प्रश्न फिरून फिरून येऊ लागलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मेटलची फिगर, म्हणजे रंगवायची छोटी मूर्ती (मिनी), घेतली, चिलखत चकाकतं लाल करायचं होतं, सिल्व्हरमध्ये साधा लाल मिसळला, ब्रशनं मारला, वाळल्यावर बघितलं तर गुलाबट राखट काहीतरी झालंय, लाल पण नाही आणि धातू पण नाही. मग माणूस म्हणतो बाटलीच खराब लागली. बाटली चांगली असते राव, पद्धत उलटी झालेली असते.

मेटॅलिक रंगात चमक कशानं येते ते आधी बघा. त्या बाटलीत चपट्या कपच्या असतात, ॲल्युमिनियमच्या नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर चढवलेल्या अभ्रकाच्या. रंग वाळताना या कपच्या आडव्या झोपल्या की उजेड एकाच दिशेला परत फेकतात, म्हणून धातू वाटतो. त्यात तुम्ही नेहमीचा अपारदर्शक लाल टाकला की त्याचे बारीक कण कपच्यांच्या मधे आणि वर जाऊन बसतात, उजेड वाट्टेल तिकडं पसरतो आणि चमक मेली. त्या लालमध्ये पांढरं असेल तर विषयच संपला.

म्हणून चमक एका थराची आणि रंग दुसऱ्या थराचा, दोन्ही कामं एकाच थराला सांगायची नाहीत. खाली नुसतं सिल्व्हर, वर पारदर्शक रंग. उजेड रंगातून आत जातो, सिल्व्हरवर आपटतो, परत रंगातूनच बाहेर येतो. सोनेरी चॉकलेटची चांदी बघा, त्यात सोनं कुठंय, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पिवळं लॅकर असतं बस. बाईकच्या टाकीवर कँडी रेड मारतात तेही हेच, सिल्व्हर बेस, त्यावर कँडी म्हणजे पारदर्शक रंग, त्यावर बिनरंगी क्लिअर. तुमच्या गावातल्या ऑटो पेंटवाल्याला विचारा, तो हे रोज करतो.

आता काय काय बिघडतं ते बघू. मिनी हातात धरा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि तिरपी करून फिरवा. टॉर्चसोबत चमक सरकतच नसेल तर मिसळण्याचा नाहीतर वार्निशचा घोळ. चमक आहे पण डाग-डाग दिसायलेत तर पारदर्शक थर नीट बसला नाही. दुधाळ धूर आल्यासारखं दिसतंय तर हवा. आणि नखानं कड उचलली जायलीय तर सगळ्या रंगाच्या खालची गोष्ट, म्हणजे धुणं आणि प्रायमर (रंगाला पकड देणारा पहिला थर).

पहिलं घ्या, कारण दहातले बहुतेक लोक इथंच अडकतात. पारदर्शक रंग म्हणजे नेहमीचा रंग पाण्यात पातळ केलेला नाही, हे डोक्यात फिट्ट करा. पातळ केलेला अपारदर्शक रंग सिल्व्हरवर धुळीसारखा बसतो. खरोखर पारदर्शक असलेलेच घ्यायचे. टामिया कंपनीचे क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, सगळ्यात सोपे, निळा एक्स-२३, पिवळा एक्स-२४, हिरवा एक्स-२५, केशरी एक्स-२६, लाल एक्स-२७, आणि एक्स-१९ स्मोक म्हणजे पारदर्शक काळपट. जांभळा करायला लाल-निळा मिसळता येतो पण तो जरा काळवंडतो, त्यापेक्षा जांभळी ॲक्रिलिक इंक बरी. इंक घेताना बाटलीवर पिगमेंट (न विरघळणारी बारीक पूड) लिहिलंय का डाय (विरघळलेला रंग) ते बघा, त्याचं पुढं सांगतो.

खालचं सिल्व्हर कसलं हे रंगापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे असं माझं मत. कपची जितकी बारीक तितका धातू खरा वाटतो. मोठ्या कपचीचं सिल्व्हर २८ मिमीच्या फिगरवर मारलं की चिलखत नाही, चमकी लावलेला लग्नाचा ब्लाउज दिसतो. एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं पेनासारखं यंत्र) असेल तर वालेहोचं मेटल कलर किंवा अल्क्लॅडसारखं बारीक सिल्व्हर घ्या आणि त्याच्याखाली ग्लॉस म्हणजे चकचकीत काळा. ग्लॉसच, मॅट नाही. खालचा थर खरखरीत असला की कपच्या वाकड्यातिकड्या झोपतात आणि सिल्व्हर ग्रे दिसतं, मग वर कितीही महागाचा क्लिअर मारा. आणि तो काळा पूर्ण वाळू द्या, बोटाला चिकटत असताना वर सिल्व्हर मारलं तर कपच्या त्यात बुडतात.

बाटली तळापासून हलवायची. कपच्या जड असतात, खाली बसतात, वरचं पाणीपाणी मारून लोक म्हणतात रंग झाकतच नाही. आत एक छर्रा टाका, पण स्टेनलेसचा. सायकलच्या बेअरिंगचा साधा टाकला तर पाण्याच्या रंगात तो गंजतो आणि तुमच्या सिल्व्हरला तांबूस झाक येते.

आता मजेचा भाग. शेडिंग-हायलाइट वरच्या रंगात करायचंच नाही, खालच्या सिल्व्हरमध्येच करून घ्यायचं. म्हणजे खांदे, छातीचा फुगवटा, गुडघ्याच्या वाट्या इथं सगळ्यात उजळ सिल्व्हर, मधे साधं स्टील, काखेत आणि पट्ट्यांच्या खाली गनमेटल (गडद राखाडी धातू). रंग न मारताच ती फिगर काळी-पांढरी फोटोसारखी पूर्ण दिसली पाहिजे. मग वरून एकच क्लिअर लाल सगळीकडं सारखा. उजळ जागी तो पेटल्यासारखा लाल होतो, खाली डाळिंबी होतो, आणि तुम्हाला तीन वेगळे लाल मिसळत बसावं लागत नाही. अजून खोल सावली हवी तर स्मोकमध्ये थोडा तोच क्लिअर घालून फक्त फटीत. नेहमीचा काळा मॅट वॉश (फटीत उतरणारा पातळ रंग) सगळ्या अंगावर ओतू नका, तो वाळला की चमकीवर राखेचा थर बसतो. शेवटी अगदी टोकाच्या कडांना शुद्ध सिल्व्हरची एक बारीक रेघ, जिथं वापरून वापरून रंग उडालाय असं दाखवायचंय तिथंच.

सिल्व्हरच पाहिजे असं पण नाही. लाल आणि हिरवा सोनेरीवर मारला तर ऊबदार येतो, जुन्या मीनाकामासारखा. निळा मात्र सोनेरीवर मारू नका, पिवळं खालून आल्यानं तो हिरवट होतो. निळ्याला सिल्व्हरच.

हे फक्त चिलखतालाच लागतं असं नाही बरं का. आपल्याकडं कुणी पैठणी नेसलेली ७५ मिमीची फिगर करत असेल तर पदरासाठी ही पद्धत नंबर एक. जरीचा पदर म्हणजे आधी अख्खा पदर बारीक सोनेरी, त्यावर मोराची पिसं क्लिअर हिरव्यानं, चोच-डोळा लाल, आणि मोराचा निळा जिथं येतो तिथं आधी सिल्व्हरचा ठिपका, मग क्लिअर निळा. साध्या हिरव्या-निळ्या रंगानं काढलेला मोर सोनेरीवर स्टिकर चिकटवल्यासारखा वर तरंगतो, क्लिअरचा मोर जरीत विणल्यासारखा आत जातो. अंगावरच्या साडीला मात्र मेटॅलिक लावू नका, रेशीम रेशमासारखंच चमकू द्या, नाहीतर पदर वेगळा दिसणारच नाही.

ब्रशवाल्यांसाठी

एअरब्रश नसला म्हणजे काही होणार नाही असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका, पण टामियाचा क्लिअर ब्रशला त्रास देतो हे खरंय. तो अल्कोहोल बेसचा, लवकर ओढतो, आणि दुसरा हात मारायला गेलं की पहिला हात विरघळून ब्रशबरोबर निघून येतो, खालचं सिल्व्हर उघडं. त्यामुळे डाग-डाग दिसतात. यावर दोन रस्ते. एक म्हणजे त्यात त्यांचाच रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) चार थेंब, मऊ मोठा ब्रश, एका पट्टीवर एकदाच ओढायचा आणि परत त्यावर जायचंच नाही, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. दुसरा रस्ता, आणि २८ मिमीसाठी मी हाच सांगतो, पाण्याची पिगमेंट इंक आणि ग्लॉस मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगी चकचकीत द्रव). इंक एकटी मारली तर खड्ड्यात जाऊन साचते आणि कडा उघड्या राहतात, ग्लॉस मीडियम घातलं की तिला अंग येतं आणि ती जागच्या जागी बसते. नुसतं पाणी घालून पातळ करणं हीच साचण्याची सुरुवात. पातळ दोन-तीन हात, प्रत्येक वाळल्यावर, आणि चिलखताचा एकेक पत्रा वेगळा धरून.

एक लक्षात ठेवा, पारदर्शक रंगात जाडी म्हणजेच गडदपणा. जिथं थेंब साचला तिथं काळं, जिथं ओढला गेला तिथं फिक्कट. ओला असतानाच साचलेला थेंब कोरड्या ब्रशच्या टोकानं टिपून घ्या. वाळल्यावर काही करता येत नाही, खाली सिल्व्हर परत मारून तो पत्रा पुन्हा करावा लागतो.

आणि मेटॅलिकचा ब्रश वेगळा, पाण्याचा डबा वेगळा. एका डब्यात सगळं धुतलं की दुसऱ्या दिवशी फिगरच्या गालावर चमकी दिसायलेली असते.

पाणी, कूलर आणि आपली हवा

हे बाहेरच्या व्हिडिओत फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडं बोअरचं पाणी जड. नळाला पाणी येतं तेव्हा येतं, बाकी बोअरच असतो, आणि त्यात क्षार इतके की बादलीला पांढरा पापुद्रा बसतो. तेच पाणी इंक किंवा वॉशमध्ये घातलं की वाळल्यावर कडेनं पांढरी रेघ राहते. साध्या मॅट रंगावर ती खपून जाते, सिल्व्हरवरच्या क्लिअर निळ्यात लांबून दिसते. लोक म्हणतात इंक फाटली. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, नाहीतर घरचं आरओ. ब्रश धुवायला बोअरचं चालेल, रंगात घालायला नको.

दुसरं म्हणजे दुधाळपणा. लॅकरचा थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि हवा दमट असेल तर त्यावर वाफ धरते, ती थरात अडकली की पांढरा धूर. जुलै ते सप्टेंबरमध्ये हे होणार हे सगळ्यांना कळतं. पण मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री, हवा कडक कोरडी, तरी परभणी-नांदेडकडून हाच फोटो येतो, आणि विचारलं की कळतं, खोलीत कूलर चालू आहे. अहो कूलर म्हणजे पाणी हवेत सोडायचं मशीनच. उकाड्यात बंद करायला जीवावर येतं हे मान्य, पण क्लिअर मारताना आणि त्यानंतर थर कोरडा होईपर्यंत तो बंद पाहिजे, नाहीतर दुसऱ्या खोलीत मारा. मोठ्या पेंटिंगवाल्यांचा एक नियम आहे की पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री वर पाहिजे. घरी कोण मोजतंय, पण मेटलची फिगर गार पडलेली असते, फरशीवरून उचलून लगेच मारू नका, थोडा वेळ हातात नाहीतर उन्हाच्या कडेला ठेवा एवढं करा.

दुधाळ झालंच तर लगेच खरवडू नका. बहुतेक वेळा कोरड्या हवेत वरून नुसत्या लेव्हलिंग थिनरचा (हळू वाळणाऱ्या थिनरचा) एक हलका फवारा दिला की थर परत मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि धूर जातो. हलकाच. जास्त दिला तर क्लिअर वाहून खाली जाईल.

आणि कूलर बंद केला की उलटा त्रास, कडक उन्हाळ्यात रंग नोझलपासून फिगरपर्यंत पोचायच्या आतच वाळतो, वर धूळ बसल्यासारखा खरखरीत थर येतो आणि चमक परत गेली. त्याला जवळून मारा, दाब १५ ते २० पीएसआय, थिनर जास्त, त्यातही टामियाच्या क्लिअरला मिस्टर कलरचा लेव्हलिंग थिनर छान जमतो कारण त्यात रिटार्डर असतो, आणि वेळ सकाळची. दुपारी दोनला लातूरच्या गच्चीवर उभं राहून कँडी मारायचा हट्ट कशाला. त्यात लाईटचा भरवसा नाही, कॉम्प्रेसर अर्ध्यात बंद पडला की नोझलमधला क्लिअर तिथंच चिकट होतो, म्हणून टाकीवाला कॉम्प्रेसर असेल तर निदान तो हात पुरा करण्याइतकी हवा उरते.

चमक आली होती, वार्निश मारल्यावर गेली

हे तर रोजचंच आहे. मॅट वार्निशमध्ये सिलिकाची बारीक पूड असते, उजेड पसरवणं हेच तिचं काम. ती तुम्ही कँडीवर मारली म्हणजे स्वतःच्या हातानं आरशावर पिठी टाकली. फिगरचं कापड, कातडं, चेहरा मॅट हवा आणि चिलखत चकाकतं हवं, तर आधी सगळीकडं मॅट मारून घ्या, मग चिलखतावर ब्रशनं ग्लॉस. त्यानं बरीचशी चमक परत येते, पूर्ण नाही. त्यापेक्षा मॅटच ब्रशनं लावा, जिथं पाहिजे तिथंच. क्रोमसारख्या अतिचकाकत्या थरावर कुठलंही क्लिअर मारलं तरी तो थोडा मरतोच, म्हणून कँडीच्या खाली क्रोमचा खर्च करू नका, चांगलं बारीक ॲल्युमिनियम पुरतं.

टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा) मारायचा मोह होतो, ऑटोवाल्याकडं मिळतो, काचेसारखा येतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, दमा लावणारं. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून हे होत नाही, आणि घरातल्या खोलीत तर नाहीच. बाहेर, बाहेरची हवा देणाऱ्या यंत्राला जोडलेल्या मास्कनं नाहीतर नकोच. कपाटात राहणाऱ्या दोन इंचाच्या फिगरला टू-के कशाला हवा मला अजून कळलेलं नाही, पाण्याचा ग्लॉस वार्निश भरपूर झाला.

रंग कपाटात ठेवल्या-ठेवल्या फिक्कट होतो अशी तक्रार आली की ती जवळजवळ नेहमी लाल, गुलाबी नाहीतर जांभळ्याची असते आणि बाटलीवर डाय असतं. डायचे रंग उन्हानं उडतात आणि वरच्या वार्निशमध्ये उतरतात सुद्धा. निळ्या-हिरव्यात थॅलो पिगमेंट असलं तर ते टिकतं. शोकेस खिडकीसमोर असेल तर लाल पिगमेंटचाच घ्या.

सोललं जातंय

नवीन व्हाइट मेटलवर (फिगर ओततात त्या कथलाच्या मिश्रधातूवर) साच्याची पावडर आणि हाताचं तेल असतं. भांड्याचा साबण, कोमट पाणी, जुना टूथब्रश, सगळ्या फटी, मग वाळवून पुन्हा बोट लावायचं नाही. डोक्याला खोबरेल चोपडून बसणाऱ्यांनी हे दोनदा वाचा, कारण तेलाच्या बोटावर क्लिअर मारला की तो गोल-गोल डोळे पाडून मागं सरकतो. गाडीच्या डॅशबोर्डचं सिलिकॉन पॉलिश त्याच टेबलावर वापरत असाल तरी तेच होतं. फिगर बाटलीच्या झाकणावर चिकटवा आणि झाकणच धरा. क्लिअर जाड बसला असेल तर तो वरून वाळलेला वाटून दिवसेंदिवस आतून चिकट राहतो, बोटाचा ठसा उमटतो तो तिथंच कायमचा.

प्रायमर लॅकरचा. पाण्याचा ब्रशनं लावायचा प्रायमर नुसत्या धातूवर घासला की पापुद्र्यासारखा निघतो. हार्डवेअरमधला रेड ऑक्साइड आणू नका, तो गेटसाठी असतो, फिगरच्या डोळ्या-मिशा बुजतात आणि वर ग्लॉस काळा कधीच गुळगुळीत येत नाही.

आता राहिलेले दोन उलटसुलट प्रश्न. ॲनोडायझिंग करून आणता येईल का, कारखान्यात करतात ना. नाही, ते ॲल्युमिनियमच्या अंगावरच सच्छिद्र ऑक्साइड वाढवून त्यात रंग भरणं आहे, आपली फिगर कथलाची असते, जुनी असेल तर त्यात शिसंही. दुसरं, रंग पक्का करायला ओव्हनमध्ये भाजू का. नको. नुसतं कथिल २३२ डिग्रीला वितळतं, आणि कथिल-शिशाचं काही मिश्रण तर १८३ लाच. अर्ध्या तासात तुमचा सेनापती ट्रेवर पसरलेला असेल, आणि शिसं असेल तर स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये ते नेणंच चूक.

भाजलेल्या पोलादाचा निळा, तोफेच्या तोंडाशी नाहीतर गाडीच्या सायलेन्सरला येतो तसा, तो मात्र रंगानं झकास जमतो. फक्त क्रम चुकवू नका. खऱ्या पोलादावर गवती पिवळा साधारण २२० ते २३० डिग्रीला येतो, जांभळा २८० च्या आसपास, निळा ३०० च्या जवळ. म्हणजे आगीच्या सगळ्यात जवळ निळा, मग जांभळा, सगळ्यात लांब पिवळा, आणि त्यानंतर साधं स्टील. बरेच जण पिवळा आगीपाशी काढतात कारण आग पिवळी असते. सिल्व्हरवर आधी क्लिअर पिवळ्याचा सगळ्यात लांबचा पट्टा, मग जांभळ्या इंकचा, मग निळ्याचा, प्रत्येक पट्टा शेजारच्यावर थोडा चढवत, अगदी पातळ.

आणि सगळं बिघडलंच तर मेटल आहे, घाबरायचं कारण नाही, ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, रंग सुटून येतो. हात-तलवारी सुपरग्लूनं लावलेल्या असतील तर त्याही सुटतील, आणि एखादा भाग प्लास्टिक किंवा रेझिनचा असेल तर तो आधी काढून ठेवा, ॲसिटोनमध्ये त्याचा चिखल होतो. झाकण लावलेली काचेची बरणी, खिडकी उघडी, जवळ गॅस पेटलेला नको. शिशाची जुनी फिगर असेल तर तिला व्हिनेगरमध्ये टाकायचा घरगुती उपाय करू नका, शिसं त्यानं खाल्लं जातं आणि पांढरी पूड धरते. घासायची तर ओली करून घासा, आणि हात धुतल्याशिवाय शेंगदाण्याच्या डब्यात घालू नका.